हिमथरातील मायक्रोवेव्ह विखुरणाचे मॉडेल पहिल्यांदा चालवताना

हिमाच्छादित प्रदेशावरून उपग्रहाला मिळणारा मायक्रोवेव्ह संकेत संगणकावर उभा करायचा आणि तो मोजलेल्या संकेताशी जुळतो का ते पाहायचे, असे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. हे काम शिकताना माझे पहिले कित्येक महिने समीकरणांत चूक शोधण्यात गेले, आणि चूक समीकरणांत नव्हतीच. मॉडेल ज्याला हिमकणाचा आकार म्हणते आणि थर मोजण्यासाठी हिमात खणलेल्या खड्ड्यात बसून आपण ज्याला हिमकणाचा आकार म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा उमगले. म्हणून पुढे चौथ्या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, आणि तुम्हीही घ्यावा अशी विनंती आहे.

आधी शब्दांविषयी. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. येथे मात्र आकाशातून पडून साचलेल्या भुसभुशीत पदार्थाला ‘हिम’ आणि गोठलेल्या घन पाण्याला ‘बर्फ’ म्हटले आहे, कारण हिम हे बर्फ आणि हवा यांचे मिश्रण आहे आणि सारे विखुरण त्या मिश्रणातूनच जन्मते.

१. संकेत कमी का होतो, हे आधी समजून घ्या

उपग्रहावरचा रेडिओमीटर स्वतः काही पाठवत नाही. जमीन आणि हिम यांच्याकडून आपोआप निघणारी मायक्रोवेव्ह ऊर्जा तो मोजतो आणि केल्विनमध्ये सांगतो. या आकड्याला दीप्ति-तापमान म्हणतात, जरी प्रयोगशाळेत सगळे ‘ब्राइटनेस टेम्परेचर’ किंवा नुसते ‘टीबी’ म्हणत असले तरी.

मायक्रोवेव्ह पट्ट्यात बर्फाच्या परावैद्युतांकाचा (पदार्थ विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या आकड्याचा) वास्तव भाग सुमारे ३.२ असतो आणि शोषण दाखवणारा काल्पनिक भाग अतिशय लहान असतो. म्हणजे कोरडे हिम ही ऊर्जा फारशी शोषत नाही, पण बर्फ आणि हवा यांच्यातील फरकामुळे तिला इकडेतिकडे फेकते. खालच्या जमिनीकडून वर येणाऱ्या ऊर्जेचा काही भाग अशा रीतीने वाटेतच दुसरीकडे वळतो, आणि त्याच्या जागी वरच्या थंड आकाशाकडून आलेली अल्प ऊर्जा विखुरून रेडिओमीटरकडे जाते. हिम जितके जास्त, तितके दीप्ति-तापमान खाली, हा साधा नियम यातून निघतो.

कण तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असतील तेव्हा विखुरण वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढते. जपानच्या जीकॉम-डब्ल्यू१ उपग्रहावरील एएमएसआर-२ या रेडिओमीटरचे १८.७ आणि ३६.५ गिगाहर्ट्झचे दोन चॅनल घेतले, तर तरंगलांबी अनुक्रमे सुमारे १६ आणि ८ मिलिमीटर येते, आणि त्याच हिमात दुसऱ्या चॅनलचे विखुरण पहिल्याच्या सुमारे चौदापट होते. म्हणूनच या दोन चॅनलमधील फरकावरून हिमाची खोली काढण्याची पद्धत रूढ झाली. नासाच्या आल्फ्रेड चँग यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली दिलेल्या प्रसिद्ध सूत्रात या फरकाला १.५९ ने गुणले की खोली सेंटिमीटरमध्ये मिळते. पण त्या १.५९ मध्ये कणाची त्रिज्या ०.३ मिलिमीटर आणि घनता ३०० किलोग्रॅम प्रति घनमीटर ही गृहीतके गोठवून ठेवलेली आहेत. तुमचे हिम तसे नसेल तर सूत्राचे उत्तरही तुमच्या हिमाचे नसते. मॉडेल बांधायचे ते यासाठी.

२. जमवाजमव

संगणकासाठी: पायथनची नवी आवृत्ती, नोटबुकची सोय आणि ‘एसएमआरटी’ हे मुक्त पॅकेज. जिस्लॅं पिकार, मेलडी सँडेल्स आणि हेनिंग ल्योव्ह यांनी ते २०१८ साली प्रसिद्ध केले. बर्न विद्यापीठात घडलेले ‘मेमल्स’, हेलसिंकीचे ‘एचयूटी’ आणि ‘डीएमआरटी’ घराण्यातील मॉडेले त्याआधीची आहेत आणि आजही वापरात आहेत. नवख्याने एसएमआरटीपासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण त्यात विखुरणाचा सिद्धान्त, हिमाच्या सूक्ष्मरचनेचे वर्णन आणि समीकरण सोडवण्याची रीत हे तीन भाग सुटे आहेत. एक बदलून बाकीचे तसेच ठेवता येतात, आणि कशामुळे काय बदलले ते दिसते.

खड्ड्यासाठी: फावडे, ब्रश, मोजपट्टी, १०० घनसेंटिमीटरचा डेन्सिटी कटर, ग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू, शून्यावर तपासून घेतलेले दोन थर्मामीटर, मिलिमीटरच्या चौकटी छापलेले क्रिस्टल कार्ड, दहापट भिंग आणि पेन्सिल. शाईचे पेन थंडीत चालत नाही.

विदेसाठी, म्हणजे डेटासाठी: एएमएसआर-२ ची निरीक्षणे जपानी अंतराळ संस्थेच्या जी-पोर्टलवर नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळतात. रडारसाठी युरोपचा सेंटिनेल-१ आणि भारताचा ईओएस-०४ हे दोन्ही सी-बँडचे उपग्रह सोयीचे आहेत. ईओएस-०४ ची विदा इस्रोच्या ‘भूनिधी’ संकेतस्थळावर शोधावी.

३. पहिला सराव दुसऱ्याच्या खड्ड्यावर करा

हिमालय आपला असला तरी सुरुवात तेथून करू नका. ३६.५ गिगाहर्ट्झच्या एका पदचिन्हात, म्हणजे एका मोजणीत दिसणाऱ्या जमिनीच्या तुकड्यात, सुमारे ७ गुणिले १२ किलोमीटरचा प्रदेश येतो, आणि लाहौल-स्पीतीत एवढ्या प्रदेशात नदीचे पात्र, उघडे कडे, हिमनदी आणि सावलीतली घळ असे सगळेच असते. मॉडेल आणि मोजमाप जुळले नाही तर दोष कोणाला द्यायचा तेच कळत नाही.

फिनलंडच्या उत्तरेला सोदानक्युले येथे २००९ ते २०१३ या काळात युरोपीय अंतराळ संस्थेने ‘नोसरेक्स’ नावाचा प्रयोग चालवला. सपाट जमीन, लांबलचक कोरडा हिवाळा, मनोऱ्यावर बसवलेले रेडिओमीटर आणि रडार, आणि जवळच नियमितपणे खणलेले खड्डे. उपकरण जे हिम पाहते जवळपास तेच हिम माणसाने मोजलेले असते, ही शिकणाऱ्यासाठी मोठीच सोय आहे. तेथे हात बसला की मग आपल्या डोंगराकडे वळावे. मराठी विद्यार्थ्यांना ही वाट वाटते तितकी दूर नाही: गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही स्थानके चालवते, तर २०१६ पासून स्पीतीत चार हजार मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे त्याचे संशोधन केंद्र आहे.

४. कणाचा आकार: येथे थांबा

स्वतः खड्डा खणण्याची वेळ आली की सावलीकडची भिंत वाचनासाठी राखा, तिच्यावर ऊन पडू देऊ नका आणि तिच्या वरच्या कडेवर पाय ठेवू नका. भिंत ब्रशने हलकेच झाडली की थर आपोआप उठून दिसतात: मऊ भाग आत जातो, कडक पापुद्रे पुढे राहतात. कटर आडवा घुसवून काढा, पात्याने तोंड सपाट करा, तोला. १०० घनसेंटिमीटरचे २८ ग्रॅम भरले तर घनता २८० किलोग्रॅम प्रति घनमीटर.

आता तळाचा थर हातात घ्या. जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार आणि वरची हवा फार थंड असेल, तर मधल्या तीव्र तापमान-उतारामुळे बाष्प वर सरकते आणि तळाशी पेल्यासारखे, रेघारेघांचे मोठे स्फटिक वाढतात. त्यांना ‘डेप्थ होर’ म्हणतात. ते जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात, त्यांचा गोळा वळत नाही. क्रिस्टल कार्डावर ठेवून भिंगातून पाहिले की चौकटींवरून तुम्ही लिहिता: ‘कण २ ते ३ मिलिमीटर’.

हा आकडा मॉडेलमध्ये घालू नका. कार्डावर दिसते ती स्फटिकाची सर्वांत मोठी लांबी. मायक्रोवेव्हला मात्र बर्फ आणि हवा किती अंतराने आलटून पालटून येतात त्याच्याशी कर्तव्य असते. तीन मिलिमीटरचा पेला आतून पोकळ असतो, त्याची भिंत पातळ असते, आणि त्याला तीन मिलिमीटर व्यासाचा भरीव गोल मानला तर मॉडेल विखुरण बेसुमार वाढवून दाखवते. मी नेमके हेच केले होते, आणि मग दीप्ति-तापमान इतके खाली का जाते म्हणून घनता, तापमान, जमीन असे सगळे तपासत बसले होते. कार्डावरच्या आकाराची नोंद स्फटिकाचा प्रकार ओळखण्यासाठी ठेवा; संख्येसाठी दुसरा मार्ग घ्या.

तो मार्ग विशिष्ट पृष्ठफळाचा आहे, म्हणजे एक किलोग्रॅम हिमातील बर्फाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. अवरक्त किरणांच्या परावर्तनावरून ते मोजता येते आणि त्यासाठीची उपकरणे खड्ड्यापर्यंत नेता येतात. त्यावरून लांबी अशी काढतात: बर्फाची घनता ९१७ धरून हिमाच्या घनतेला तिने भागा, येतो तो बर्फाचा घनफळातील वाटा. तो एकातून वजा करा, चाराने गुणा, आणि येणाऱ्या आकड्याला ९१७ गुणिले विशिष्ट पृष्ठफळ याने भागा. उत्तर मीटरमध्ये येते. त्याला पोरॉड लांबी म्हणतात.

एक उदाहरण हातानेच करून पाहू. वरचा थर ४० सेंटिमीटरचा, घनता २२०, विशिष्ट पृष्ठफळ ३५ चौरसमीटर प्रति किलोग्रॅम. बर्फाचा वाटा ०.२४, आणि लांबी सुमारे ०.०९५ मिलिमीटर. खालचा डेप्थ होरचा थर २० सेंटिमीटरचा, घनता २८०, विशिष्ट पृष्ठफळ १२. बर्फाचा वाटा ०.३०५, आणि लांबी सुमारे ०.२५ मिलिमीटर. कार्डावर २ ते ३ मिलिमीटर दिसलेल्या थराची ही लांबी आहे, दहाव्या हिश्शाइतकी.

कण लहान असताना विखुरण या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. खालची लांबी वरच्याच्या २.६७ पट, म्हणजे घन १९. दोन्ही थरांतील बर्फाच्या वाट्यांचा हिशेब धरला तर खालच्या थराचे प्रति सेंटिमीटर विखुरण वरच्याच्या सुमारे २२ पट येते. जाडी निम्मी असूनही तळाचा थर एकूण विखुरणात वरच्याच्या अकरापट वाटा उचलतो, आणि हिम वितळून होणाऱ्या पाण्याच्या हिशेबात मात्र तो १४४ मिलिमीटरपैकी फक्त ५६ मिलिमीटर भरतो. ‘हिम जास्त तितके दीप्ति-तापमान खाली’ हा पहिल्या पायरीवरचा नियम कोठे लंगडा पडतो ते येथे दिसते: नवे मऊ हिम वर कितीही साचो, संकेत तळाच्या साखरेचा असतो.

एक सावधगिरी राहिली. घातांकी सूक्ष्मरचना (मॉडेलमधील ‘एक्स्पोनेन्शियल’ हा पर्याय) वापरताना पोरॉड लांबी थेट न घालता ०.७५ ने गुणण्याचा प्रघात आहे. हा गुणक सर्व हिमाला सारखा लागू नाही. डेप्थ होरसाठी तो बराच मोठा, एकापेक्षाही जास्त लागतो, असे अलीकडच्या कामातून दिसले आहे. तुम्ही कोणता गुणक घेतला आणि का, हे वहीत लिहून ठेवा. दोन महिन्यांनी मोजमाप जुळेना की पहिला प्रश्न हाच येतो.

५. पहिली फेरी

मॉडेल चालवणे सोपे आहे. हिमथर तयार करण्याच्या आज्ञेत प्रत्येक थराची जाडी, घनता, तापमान आणि सहसंबंध-लांबी (म्हणजे गुणक लावलेली पोरॉड लांबी) द्यायची. सूक्ष्मरचना ‘एक्स्पोनेन्शियल’ निवडायची. विखुरणासाठी ‘आयबीए’ आणि समीकरण सोडवण्यासाठी ‘डॉर्ट’ घ्यायचे. संवेदकाची वारंवारता आणि ५५ अंशांचा आपाती कोन सांगायचा. अडखळण्याच्या जागा तीन आहेत.

पहिली, एकके. सर्व राशी मूळ एककांत द्यायच्या: जाडी मीटरमध्ये, तापमान केल्विनमध्ये, वारंवारता हर्ट्झमध्ये आणि सहसंबंध-लांबीसुद्धा मीटरमध्ये, म्हणजे ०.१ मिलिमीटर हे ०.०००१ असे.

दुसरी, खालची जमीन. हिमथराखाली काहीच सांगितले नाही तर डॉर्टच्या हिशेबात तेथे पोकळी असते आणि खालून काहीही ऊर्जा येत नाही. थर पातळ असेल तर पॅकेज तशी सूचना छापते, पण शेकडो ओळींच्या गर्दीत ती नजरेतून निसटते. जमीन द्या, आणि ती गोठलेली की ओली तेही ठरवा, कारण गोठलेल्या मातीचा परावैद्युतांक ओल्या मातीच्या तुलनेत फारच लहान असतो. अंटार्क्टिकाच्या हिमचादरीवर काम असेल तर जमिनीऐवजी शेवटचा थर हजार मीटरचा ठेवला की पुरते.

तिसरी, थरांचा क्रम. यादी वरून खाली जाते. खड्ड्याच्या नोंदी मात्र बहुतेक ठिकाणी जमिनीपासून वर लिहिलेल्या असतात.

६. मोजमापाशी तुलना करण्याआधी तीन चाचण्या

सगळे थर, जमीन आणि वरून येणारे आकाशाचे किरणोत्सर्जन हे सर्व २६० केल्विन करा. कण कोणतेही असोत, कोन कोणताही असो, उत्तर प्रत्येक चॅनलला २६० च आले पाहिजे, कारण सर्वत्र सारखे तापमान असताना जितकी ऊर्जा बाहेर विखुरते तितकीच आत विखुरते. उत्तर वेगळे आले तर कोठेतरी ऊर्जा गळते आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. ही चाचणी मला फार आवडते. ती दोन मिनिटांत होते आणि मांडणीतली निम्मी चूक उघडी पाडते.

दुसरी: सहसंबंध-लांबी शून्याजवळ न्या. विखुरण संपले पाहिजे आणि १८.७ व ३६.५ मधील फरक जवळपास मिटला पाहिजे.

तिसरी: लांबी थोडी थोडी वाढवत ३६.५ चा आलेख काढा. तो आधी संथ आणि मग वेगाने खाली येईल. तुमच्या मोजलेल्या लांबीत दहा टक्के चूक धरली तर दीप्ति-तापमान किती केल्विनने हलते ते या आलेखावरून वाचा. मॉडेलकडून त्याहून जास्त अचूकपणाची अपेक्षा ठेवू नका.

७. उभे ध्रुवण जुळले, आडवे जुळले नाही

लहरीचे विद्युतक्षेत्र ज्या दिशेने डोलते तिला ध्रुवण म्हणतात, आणि रेडिओमीटर उभे व आडवे ध्रुवण वेगवेगळे मोजतो. एक जुळणे आणि दुसरे न जुळणे असे जवळजवळ सर्वांच्या बाबतीत होते. ५५ अंशांच्या आसपास हिमाचा ब्रूस्टर कोन येतो, त्यामुळे उभ्या ध्रुवणाची ऊर्जा थरांच्या सीमा जवळपास न अडता ओलांडते. आडव्या ध्रुवणाचे तसे नाही: प्रत्येक सीमेवर तिचा थोडा भाग परावर्तित होतो. दुपारी वितळून रात्री गोठलेला पापुद्रा, वाऱ्याने दाबलेला कडक थर, हे सगळे आडव्या ध्रुवणात उमटते. म्हणून आधी उभे ध्रुवण जुळवून कणांची लांबी ठीक आहे याची खात्री करावी, आणि मग खड्ड्याची नोंद पुन्हा वाचून वगळलेले पापुद्रे एकेक करून घालावेत. पाच मिलिमीटरचा पापुद्रा नोंदीत ‘किरकोळ’ म्हणून सोडलेला असतो आणि आडव्या ध्रुवणाला तो किरकोळ नसतो. आडवे जुळवण्यासाठी कणाचा आकार बदलण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्याने जुळलेले उभेही बिघडते.

८. उपग्रहाशी तुलना

फक्त रात्रीची निरीक्षणे घ्या. एएमएसआर-२ विषुववृत्त दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, सुमारे दीड वाजता ओलांडतो, आणि दुपारच्या फेरीत हिमालयातले हिम अनेकदा ओले असते. घनफळाच्या एक टक्का पाणीसुद्धा पुरे होते: शोषण इतके वाढते की खालून येणारा संकेत बंद होतो, विखुरण झाकले जाते आणि दीप्ति-तापमान एकदम शून्य अंश सेल्सिअसच्या जवळ चढते. कोरड्या हिमाचे मॉडेल त्या दिवशी कितीही नीट चालवले तरी जुळणार नाही.

८९ गिगाहर्ट्झवर वातावरण स्वतःची भर घालते, म्हणून सुरुवातीला हा चॅनल बाजूला ठेवावा. शिवाय त्या तरंगलांबीला डेप्थ होरचे कण लहान उरत नाहीत आणि ज्या गृहीतकावर सिद्धान्त उभा आहे ते ताणले जाते.

९. रडारकडे वळताना

हेच हिमथर, हीच सूक्ष्मरचना रडारसाठीही चालते. संवेदक तेवढा बदलायचा. पण सी-बँडची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने कोरडे हिम तिला जवळपास पारदर्शक असते आणि परतणारा संकेत मुख्यतः जमिनीच्या खडबडीतपणाचा असतो. तेथे कणाच्या लांबीपेक्षा जमिनीच्या मॉडेलवर जास्त मेहनत घ्यावी लागते. ओल्या हिमाचे चित्र उलटे: परतणारा संकेत घसरतो, आणि कोरड्या दिवसाच्या तुलनेत ३ डेसिबेलची घट ही ओले हिम ओळखण्याची रूढ खूण आहे.

सरासरी काढायची असेल तर डेसिबेलचे आकडे आधी साध्या गुणोत्तरात बदला, मग सरासरी काढा आणि मग पुन्हा डेसिबेलमध्ये या. थेट डेसिबेलची सरासरी खऱ्यापेक्षा कमी येते, आणि खडकाळ उतारावर, जिथे शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये मोठा फरक असतो, तिथे ही घट ओल्या हिमाच्या खुणेइतकी दिसू शकते.